आयडल स्क्रूला हात लावण्याआधी: जुन्या एमपीएफआय गाडीचं आयडलिंग कसं तपासायचं

सिग्नलला गाडी बंद पडते, किंवा उभ्या उभ्या आरपीएम बाराशे ते अठराशे असा झोके घेतो. मालक गॅरेजात जाऊन म्हणतो, “जरा आयडलिंग वाढवून द्या.” समोरचा पेचकस घेतो, थ्रॉटलवरचा स्क्रू पाव फेरा आवळतो आणि पैसे घेऊन मोकळा होतो. दोन दिवस गाडी बरी चालते. तिसऱ्या दिवशी मूळ दुखणं परत, वर ॲव्हरेज पडलेलं.

कार्ब्युरेटरच्या गाडीत हे चालायचं, कारण तिथे आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाचा इंजिनचा वेग, खरंच त्या स्क्रूने लावायचं असतं. एमपीएफआय गाडीत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाडीत, ते लावायचं नसतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) ते स्वतः राखतो. इथे स्क्रूचं काम एवढंच, की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, चकती नळीत घट्ट रुतून बसू नये. तो आवळला की चकती पूर्ण मिटत नाही. थ्रॉटलचा सेन्सर सांगतो की पाय अजून पॅडलवर आहे, आणि मग बऱ्याच गाड्यांत ईसीयू आयडलिंगचा ताबा घेतच नाही. म्हणजे एक बिघाड होता, त्याचे दोन झाले.

खालचा क्रम साधारण २००० ते २०१० मधल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. मारुती ८००, झेन, अल्टो, वॅगन आर, सँट्रो या वर्गातल्या, ॲक्सिलरेटरची केबल थेट थ्रॉटलपर्यंत जाणाऱ्या गाड्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चकती बोटाने ढकलायची कामं त्या गाडीवर करू नका.

## सुरुवातीला: तक्रार कागदावर लिहा

“मिसिंग मारते” एवढ्यावर काही कळत नाही. बॉनेट उघडण्याआधी याची उत्तरं लिहून काढा:

- त्रास गार इंजिनला होतो, गरम झाल्यावर होतो, की दोन्ही वेळी?
- आरपीएम कमी आहे, जास्त आहे, की झोके घेतो?
- एसी लावल्यावर, हेडलाइट लावल्यावर किंवा स्टिअरिंग वळवल्यावर बिघडतं का?
- सीएनजी किट असेल तर त्रास पेट्रोलवर, गॅसवर, की दोन्हीवर?
- पेट्रोल भरल्यावर लगेच होतो का? पावसाळ्यात वाढतो का?
- त्याआधी गाडीचं कुठलं काम झालं होतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा पूर्ण निदान असतं. रेडिएटरचं काम झालं आणि पंधरा दिवसांनी आयडलिंग बिघडलं, तर थेट टप्पा ५ ला जा.

पडताळणी: आरपीएम स्थिर आहे, आवाज एकसारखा आहे, फक्त गाडी थरथरते? मग दुखणं बहुधा इंजिन माउंटिंगचं आहे. तीन सिलिंडरची इंजिनं तशीही थोडी हलतातच. रबर चिरलेलं असेल तर माउंटिंग बदला, बाकीचं काही उघडू नका.

## तयारी

हत्यारं फार लागत नाहीत. आठ, दहा आणि बाराचे पाने, प्लग पाना, पेचकस, पक्कड, डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, जुना टूथब्रश, चिंध्या, थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा, पाण्याची फवारणीची बाटली आणि कान लावून ऐकायला हातभर रबरी नळी.

गाडी उघड्यावर घ्या. इमारतीखालच्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तासभर काम करणं जिवावर बेतू शकतं. हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, चाकाला दगड लावा. सैल बाह्या, अंगठी, कडं, लोंबती ओढणी बेल्टपासून लांब.

सावधान: रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा कधीही आपोआप सुरू होतो. त्यात बोट जायला क्षणही लागत नाही.

आणि एक शिस्त. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. प्लग, कॉइल, फिल्टर, सेन्सर सगळं एका दमात बदललं तर गाडी सुधारली तरी कशाने ते कळत नाही. नाही सुधारली तर त्यातल्या एखाद्या नव्या भागानेच घोळ केला नाही ना, हेही कळत नाही.

## टप्पा १: बॅटरी आणि अर्थिंग

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास. कमी दाखवत असेल तर आधी अल्टरनेटर आणि टर्मिनल बघा.

आता मीटरची एक कांडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर धरा. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. काढा, पॉलिश पेपरने घासा, परत घट्ट बसवा. कोकणातल्या आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांना हे हमखास निघतं. सेन्सरचे सगळे आकडे याच अर्थिंगच्या आधाराने मोजले जातात, म्हणून हे पहिलं काम.

## टप्पा २: कोड वाचा, आणि त्याआधी बॅटरी काढू नका

डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागत असेल तर ईसीयूकडे बिघाडाची काहीतरी नोंद आहे, तिलाच कोड म्हणतात. “रीसेट करून बघू” म्हणून बॅटरीची तार काढली की बहुतेक गाड्यांत ती नोंद पुसली जाते. म्हणजे चोर पकडायच्या आधी ठसे पुसल्यासारखं.

२०१० आधीच्या बऱ्याच गाड्यांशी बाजारातलं स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलत नाही. काही जुन्या मॉडेलांत डायग्नोसिसच्या सॉकेटमधल्या ठरावीक दोन पिना जोडल्या की दिवाच लुकलुकून कोड सांगतो. पण त्या पिना कुठल्या हे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करा. अंदाजाने जोडाल तर ईसीयू जाईल. नाहीतर त्या कंपनीचा स्कॅनर असलेल्या माणसाकडून कोड वाचून घ्या आणि कागदावर उतरवा.

कोड म्हणजे भाग बदलायचा हुकूम नव्हे. “ऑक्सिजन सेन्सर, मिश्रण पातळ” असा कोड आला तर सेन्सर बहुधा खरंच बोलतोय. जादा हवा कुठून शिरते ते शोधायचं काम आपलं.

## टप्पा ३: चोरून येणारी हवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या अनुभवात झोके घेणाऱ्या आयडलिंगचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

झोके का येतात ते समजून घेतलं तर शोधणं सोपं जातं. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत ईसीयू मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून पेट्रोल ठरवतो. कुठल्या तरी फटीतून हवा आत आली की दाब वाढतो. ईसीयूला वाटतं इंजिनला जास्त हवा मिळाली, म्हणून तो पेट्रोलही वाढवतो. आरपीएम चढतो. ईसीयू आपला आयडल व्हॉल्व (चकतीला वळसा घालून आयडलिंगपुरती हवा सोडणारा) पूर्ण मिटतो, तरी आरपीएम खाली येत नाही, कारण फट त्याच्या ताब्यात नाही. थ्रॉटल बंद आणि आरपीएम जास्त, म्हणजे गाडी उतारावर आहे असं समजून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम कोसळतो, पेट्रोल परत सुरू, परत चढतो. दर दोन-तीन सेकंदांनी ऐकू येणारं “व्हूंऽ... व्हूंऽ...” ते हेच. ज्या गाड्यांत वाहणारी हवाच थेट मोजली जाते, तिथे तीच फट उलटं वागते. मिश्रण पातळ होऊन आरपीएम पडतो आणि इंजिन अडखळतं.

३.१ ऐका. इंजिन चालू ठेवून रबरी नळीचं एक टोक कानाला लावा, दुसरं मॅनिफोल्डभोवती हळूहळू फिरवा. फट असेल तिथे बारीक “सुईऽ” ऐकू येतं.

३.२ दाबून बघा. मॅनिफोल्डला जोडलेली प्रत्येक रबरी नळी एकेक करून, चिंधी गुंडाळलेल्या पक्कडीने दाबा. जी दाबल्यावर आरपीएम बदलतो ती संशयित. क्रम असा: ब्रेक बूस्टरची जाडी नळी, पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणारी) नळी, कॅनिस्टरकडून (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारी नळी, दाबाच्या सेन्सरची बारीक नळी. शेवटची दाबली की इंजिन बिघडणारच, ती फक्त चिरा आहेत का ते बघण्यासाठी. पेट्रोल भरल्यावर लगेच त्रास होणाऱ्या गाडीत कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व (ती वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलेला असू शकतो. त्याची नळी दाबल्यावर इंजिन शांत झालं तर चोर सापडला.

३.३ ब्रेक बूस्टर. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवूनच सेल्फ मारा. पॅडल किंचित खाली जायला हवं. इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरल्यावर आरपीएम बदलत राहिला आणि पायापाशी हवेचा आवाज आला, तर बूस्टरचा पडदा फाटलाय. तेव्हा आयडलिंग विसरा, आधी ब्रेक दुरुस्त करा.

३.४ पाण्याचा फवारा. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि इंजेक्टरच्या बुडाशी, जिथे ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते तिथे, पाण्याचा बारीक फवारा मारा. फट असेल तर पाणी आत खेचलं जातं आणि आवाज क्षणभर बदलतो. कॉइल, प्लगच्या वायरी आणि कनेक्टर यांच्यावर पाणी नको.

सावधान: कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल शिंपडून फट शोधणारे पुष्कळ आहेत. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, एखादी प्लगची वायर ठिणगी टाकत असते. पाण्यानेही कळतं, पेटवून घेऊ नका.

आतेभावाच्या जुन्या गाडीची गोष्ट इथे सांगतो. तीन गॅरेजं झाली. आयडल व्हॉल्व नवा, प्लग नवे, स्क्रू दोनदा फिरवलेला. आरपीएम पंधराशेच्या खाली येईना. रविवारी दुपारी वाड्याच्या अंगणात नळी कानाला लावून बसलो, तर मॅनिफोल्डच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोचेल अशा जागी आवाज आला. तिथे न वापरलेलं एक बारीक तोंड होतं, त्यावर करंगळीच्या पेराएवढी रबरी टोपी. वरून धड दिसत होती. बोटाने फिरवली तेव्हा बुडाशी सबंध गोल चिरलेली, नुसती ठेवल्यासारखी बसली होती. बोट दाबून धरलं तर आरपीएम एकदम आठशेवर. टोपी वीस रुपयांची. पण गाडी लगेच सुधारली नाही, सिग्नलला बंदच पडायला लागली, कारण आधीचा फिरवलेला स्क्रू तसाच होता. तो मूळ जागी आणायला पुढचा तास गेला.

## टप्पा ४: थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व

आधी साधी गोष्ट बघा. ॲक्सिलरेटरची केबल थ्रॉटलपाशी किंचित ढिली हवी. ताणलेली केबल किंवा पॅडलखाली सरकलेली मॅट यांनीही आरपीएम चढलेला राहतो. हसू नका, मॅट काढून तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

४.१ बोटाची चाचणी. साफसफाईच्या आधी ही करा. इंजिन गरम आणि चालू, एअर फिल्टरची नळी थ्रॉटलवरून काढलेली. (दाब मोजणाऱ्या गाडीत नळी काढली तरी इंजिन चालतं.) चकतीच्या अलीकडे आयडल व्हॉल्वकडे जाणारं एक भोक दिसेल, ते बोटाने बंद करा.

- इंजिन धापा टाकून बंद पडायला आलं: हवा योग्य वाटेनेच येत होती. फटी नाहीत. व्हॉल्व जास्त उघडा राहतोय किंवा ईसीयू त्याला उघडा ठेवतोय.
- काही फरक नाही, आरपीएम तसाच चढलेला: हवा दुसरीकडून येते. टप्पा ३ परत करा, नाहीतर चकती पूर्ण मिटत नाही.
- आरपीएम मुळात कमी होता आणि बोटाला ओढच लागत नाही: भोक काजळीने बुजलंय.

४.२ साफसफाई. इंजिन बंद. चकती हाताने उघडा. तिच्या कडेला आणि नळीच्या भिंतीवर काळी चिकट कडी जमलेली दिसेल. क्लीनर चिंधीवर आणि ब्रशवर मारून ती पुसा. डबा थेट आत रिकामा करू नका, चकतीच्या दांड्यातून तो थ्रॉटल सेन्सरमध्ये शिरतो. आयडल व्हॉल्व काढता येत असेल तर काढून त्याचं टोक आणि बसायची जागा साफ करा. नवं पॅकिंग किंवा ओ-रिंग टाकूनच बसवा, नाहीतर आपणच नवी फट तयार करू.

सावधान: स्टेपर मोटरच्या जातीचा व्हॉल्व असेल तर त्याचं टोक जोराने आत दाबू नका, आणि तो बाहेर असताना चावी चालू करू नका. आतली आटे असलेली दांडी निसटते.

४.३ स्क्रू आधीच फिरवलेला असेल तर. कंपनीची रंगाची किंवा लाखेची खूण तुटलेली दिसली की समजायचं. चेकनट (स्क्रू जागी धरणारा नट) सैल करा, चकती पूर्ण मिटेपर्यंत स्क्रू मागे घ्या, मग तो चकती फिरवणाऱ्या आर्मला जेमतेम टेकेल इतका पुढे आणा. त्यानंतर अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आसपास, म्हणजे चकती नळीत रुतत नाही. चेकनट आवळा. चावी चालू ठेवून सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीवर व्होल्ट बघा. बंद थ्रॉटलला साधारण अर्ध्या व्होल्टच्या जवळ, आणि पॅडल हळू दाबताना आकडा मध्ये न उडता चारच्या पुढे चढत जायला हवा. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला धरा.

## टप्पा ५: इंजिन गरम झालंय हे ईसीयूला माहीत आहे का?

जुन्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त राग येणारी चूक इथली. “आपल्याकडच्या उन्हाळ्यात कशाला लागतो?” म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकून द्यायचा. मग इंजिन हवं तेवढं तापत नाही, ईसीयूला वाटतं अजून सकाळच आहे, तो जास्त पेट्रोल आणि चढं आयडलिंग देत राहतो. हायवेला तर इंजिन आणखी गार पडतं.

५.१ सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी प्रत्यक्ष बघा. नुसत्या बाटलीवर भरवसा ठेवू नका. पातळी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि खोटं बोलतो. गरम इंजिनचं झाकण कधीच उघडायचं नाही.

५.२ इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवा. काही मिनिटं ती गारच राहून मग भराभर तापायला हवी. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकलाय.

५.३ ईसीयूचा तापमानाचा सेन्सर सहसा दोन वायरींचा असतो. डॅशबोर्डच्या काट्याचा वेगळा, बहुधा एका वायरीचा. काटा मधोमध आहे म्हणून सेन्सर चांगला, हा तर्क त्यामुळे फसतो. कनेक्टर काढून दोन पिनांमधला रोध मोजा. २० ते २५ अंशाला साधारण दोन ते तीन हजार ओहम, ८० अंशांच्या वर तीनशेच्या आसपास. गरम इंजिनला हजारांत आकडा आला तर सेन्सर बदला.

## टप्पा ६: एखादं सिलिंडर काम करत नाही का?

इथे आवाज झोके घेत नाही, लंगडतो. एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा आणि परत लावा. जे काढल्यावर आरपीएम पडत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेलं आहे.

सावधान: चालू इंजिनला प्लगची वायर उपटून बघायची जुनी सवय सोडा. झटका बसतो, कॉइल जाते, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन तो तापतो. इंजेक्टरचं कनेक्टर काढलं की त्या सिलिंडरचं पेट्रोलच थांबतं.

मेलेलं सिलिंडर सापडलं की प्लग शेजारच्याशी बदला. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग. नाही सरकला तर वायर, मग इंजेक्टर. लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानामागे धरली की टिकटिक ऐकू येते. टिकटिक नसेल तर रोध मोजा, या गाड्यांत बहुधा ११ ते १६ ओहम असतो. रोध बरोबर असेल तर वायरिंग तपासा. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर राहायला येतात आणि वायर कुरतडतात. रात्री अंधारात इंजिन चालू करून प्लगच्या वायरींकडे बघा, निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर बाकी काही शोधायची गरज नाही.

सगळं बदलून झालं आणि दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व सीटमध्ये रुततात आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली, फट संपते. “टॅपेटचा आवाज नाही, म्हणजे इंजिन छान” असं वाटतं. प्रत्यक्षात गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, आणि गाडी फक्त आयडलिंगला लंगडते.

## टप्पा ७: पेट्रोलचा दाब

आयडलिंगला पेट्रोल थोडंच लागतं, त्यामुळे फक्त आयडलिंग बिघडलंय आणि पिकअप उत्तम आहे, तर पंपावर संशय घेऊ नका. चढावर दम लागतो, सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो, अशी जोडतक्रार असेल तरच इथे या.

चावी चालू केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप. दाब गेज लावूनच मोजा, बहुतेक गाड्यांत तीन बारच्या जवळपास असतो. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो. जवळ अग्निशामक ठेवा. रबरी पेट्रोल पाइप फुगलेला, मऊ पडलेला किंवा चिरलेला असेल तर तो ताबडतोब बदला. इथेनॉल जास्त असलेल्या आजच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही.

सीएनजीवाल्यांनी आणखी एक करावं. महिनोन्‌महिने टाकीत तळाला पडलेलं पेट्रोल चिकट होतं आणि इंजेक्टर सुकतात. टाकी निम्मी भरा, दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, मगच इंजेक्टर सफाईचा खर्च करा. त्रास फक्त गॅसवर असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, किटवाल्याकडे जा.

## टप्पा ८: ईसीयूला परत शिकू द्या

साफसफाई झाली की आयडलिंग थोडं चढलेलं वाटतं, कारण ईसीयूने काजळीचा हिशेब धरून व्हॉल्व जास्त उघडा ठेवलेला असतो. इथे घाबरून पुन्हा स्क्रू फिरवणारे पुष्कळ.

बॅटरीची मायनस तार पंधरा-वीस मिनिटं काढून ठेवा (कोड लिहून घेतलेत ना?). परत जोडा, चावी दहा सेकंद चालू ठेवून बंद करा, मग सेल्फ मारा. एसी, लाइट, ब्लोअर सगळं बंद. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन तसंच चालू द्या, ॲक्सिलरेटरला पाय नको. नंतर पाच मिनिटं एसी लावून. मग वीसएक किलोमीटर शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर चालवा. मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत असेल तर तीच करा.

शेवटची पडताळणी: गरम इंजिन, सगळं बंद, आरपीएम बहुतेक गाड्यांत आठशे-नऊशेच्या आसपास स्थिर. एसी लावला की काटा क्षणभर बुडून परत वर यायला हवा. हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावून तेच बघा. मग पीयूसी करून घ्या आणि पावती खिशात घालण्याआधी आकडे वाचा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, टप्पा ५ कडे परत. सीओ कमी पण एचसी (हायड्रोकार्बन, न जळलेलं पेट्रोल) जास्त म्हणजे कुठेतरी जळायचं राहतंय, टप्पा ३ किंवा ६. अर्थात, त्या माणसाने नळी सायलेन्सरमध्ये खरंच घातली असेल तर.